झिपरी बाहेर शू का करत नव्हती

"मॅडम, ती मुद्दाम करते हो. अर्धा अर्धा तास बाहेर फिरवते मी तिला, एक थेंब नाही, आणि घरात पाऊल टाकलं की सोफ्यामागे जाऊन मोकळी." फोनवरच्या ताई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. पिल्लाचं नाव झिपरी, वय चार महिन्यांच्या आसपास, आणि घरात गोष्ट इथपर्यंत आलेली की तिला दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकूया. मी कुत्र्यांना ट्रेनिंग देते, असे फोन मला सारखे येतात आणि "मुद्दाम करते" हे वाक्य त्यात बहुतेक वेळा असतंच, पण ह्या घरातला दिवस माझ्या चांगलाच लक्षात राहिलाय म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

फोनवर मी सगळ्यात आधी विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का, युरिन टेस्ट झालीय का. हे मी कधीच सोडत नाही, कारण पिल्लू सारखं सारखं थोडं थोडं करत असेल, करताना कुंथत असेल, शूमध्ये रक्त दिसत असेल, नाहीतर ती जागा सतत चाटत असेल तर तो ट्रेनिंगचा विषयच नाही, इन्फेक्शन असू शकतं, आणि मादी पिल्लांमध्ये ते जास्त दिसतं. अजून एक प्रकार असतो, पिल्लू झोपेतच ओलं होतं, उठल्यावर अंथरूण भिजलेलं, चालता चालता थेंब गळतात. काही पिल्लांची मूत्रपिंडातून शू आणणारी नळी जन्मतःच मूत्राशयाला न जुळता पुढे भलतीकडे उघडते, त्यात असं होतं, आणि अशा पिल्लाला कितीही शिकवलं तरी ते बिचारं करणार काय? झिपरीचं तसं काही नव्हतं. टेस्ट झालेली, रिपोर्ट स्वच्छ, अंथरूण कायम कोरडं. उलट बाहेर अर्धा तास ती व्यवस्थित रोखून धरत होती, म्हणजे कंट्रोल वयाच्या मानाने चांगलाच होता, मग ती बाहेर का धरतेय आणि घरात का सोडतेय एवढंच शोधायचं होतं.

सकाळी त्यांच्या घरी पोचले तेव्हा सगळे घरी होते, ताई, त्यांचे मिस्टर, शाळेतला मुलगा आणि आजी. झिपरी माझ्याकडे आली, हात हुंगला, शेपटी हलवली, एकदम गोड पिल्लू. तेवढ्यात मिस्टरांनी पडद्याच्या कडेचा कालचा डाग मला दाखवला आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "हे बघा, हे हिचं काम." झिपरी तिथल्या तिथे बसली, कान मागे, मान खाली, नजर दुसरीकडे. "बघा बघा, तिला बरोबर कळतं आपण काय केलंय ते."

हे मला फार ठिकाणी ऐकायला मिळतं आणि प्रत्येक वेळी मी थांबून समजावते, कारण सगळा राग इथूनच सुरू होतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी 2009 साली ह्यावर प्रयोग छापला होता. खाऊ समोर ठेवायचा, मालकाने कुत्र्याला "नाही" सांगून बाहेर जायचं, मग काही वेळा कुत्र्याने खरंच खाल्लेलं असायचं आणि काही वेळा नाही, पण परत आलेल्या मालकाला जे सांगितलं जाई ते खरं असेलच असं नाही. तर तो अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला की, कुत्र्याने खाल्लं होतं की नव्हतं याचा त्याच्याशी संबंध लागला नाही. झिपरीच्या त्या चेहऱ्याचा अर्थ एवढाच की बाबांचा आवाज चढलाय, आता मी लहान होऊन बसते. मिस्टर ऐकून घेत होते पण पटलेलं दिसत नव्हतं, मी म्हटलं ठीक आहे, आपण आधी घर बघू.

माझ्याकडे यूव्ही टॉर्च असतो. वाळलेली शू त्या उजेडात पिवळट हिरवी चमकते. अर्थात डिटर्जंटचे डाग आणि बाकीही काही गोष्टी चमकतात, त्यामुळे प्रत्येक जागा खाली वाकून नाकाने खात्री करून घ्यावी लागते. पडदे ओढले, दिवे बंद केले आणि हॉलमध्ये फिरायला सुरुवात केली, मुलगा माझ्या मागोमाग. सोफ्याच्या मागे भिंतीलगत एकावर एक डाग, जुने पसरट आणि त्यावर नवे. पडद्याच्या मागे. डायनिंग टेबलाखाली अगदी आतल्या कोपऱ्यात. बेडरूममध्ये पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, गालिच्याच्या कडेवर. मुलगा म्हणाला, "एवढ्या ठिकाणी?" पण माझं लक्ष मधल्या फरशीकडे होतं. हॉलचा सगळा मधला भाग, टीव्हीसमोर, दारासमोर, जिथे माणसं बसतात उठतात तिथे एकही डाग नाही. दिवे लावले आणि मी मुलाला विचारलं, ह्या सगळ्या जागांमध्ये सारखं काय आहे रे? तो जरा वेळ इकडेतिकडे बघत राहिला मग म्हणाला, "तिथे आपल्याला ती दिसत नाही."

अगदी बरोबर. मी ताईंना विचारलं, घरात करताना सापडली की तुम्ही काय करता? ताई गप्प. आजींनीच सांगितलं, "अगं सुरुवातीला नाक घासायचे तिचं त्यात, आणि पेपरची गुंडाळी करून फटका. सगळे हेच सांगतात ना, असं केलं की शिकतात म्हणून." मी आजींना म्हटलं, आजी, ती शिकलीच आहे, फक्त तुम्हाला वाटलं ते नाही शिकली. तुम्हाला वाटलं ती "घरात करायची नाही" हे शिकतेय. ती शिकली "माणसासमोर करायची नाही". आणि मग तुम्ही तिला पट्टा लावून बाहेर नेता, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं? माणूस. तिच्याकडे टक लावून बघत, "कर, कर ना लवकर" म्हणत. ती बिचारी अर्धा तास जीव मुठीत धरून रोखते आणि घरी आल्यावर पट्टा सुटला की माणसाच्या नजरेआड पहिला कोपरा गाठते. तिच्या बाजूने बघितलं तर ती नियम तंतोतंत पाळतेय.

मिस्टर खुर्चीत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग झिपरीकडे बघून म्हणाले, "म्हणजे घाबरते ती आम्हाला." मी हो म्हटलं, कारण ते खरंच होतं, पण हेही सांगितलं की एवढ्या लहान वयात हे उलटवता येतं आणि आजपासूनच सुरू करता येतं.

अजून एक गोष्ट विचारल्यावर कळली. क्वचित कधी बाहेर केलीच तर ताई लगेच तिला घरी आणायच्या, काम झालं चला. पिल्लाला बाहेर हुंगायला, फिरायला आवडतं, आणि शू केली की मजा संपते हे त्याच्या पटकन लक्षात येतं, मग ते अजून लांबवतं. घरात शू करायला अंथरतात त्या पॅडचंही तसंच. झिपरी आली दोन महिन्यांची, लसी पूर्ण व्हायला साधारण 16 आठवड्यांचं वय होतं, तोवर कुठलीही कुत्री येतात जातात अशा जागी न्यायचं नाही हे डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं होतं, पार्वो ह्या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यात धोका पत्करूच नये. म्हणून घरात पॅड ठेवले, पण ते ठेवले प्रत्येक खोलीत. पिल्लं पायाखाली काय लागतं त्यावरून जागा ओळखतात आणि ही आवड साधारण दोन महिन्यांच्या सुमारास पक्की व्हायला लागते. झिपरीच्या पायांना सवय झाली मऊ, शोषून घेणाऱ्या कापडाची, आणि पॅड काढल्यावर घरात तसं दुसरं काय उरलं तर गालिचा. पॅड ठेवायचेच असतील तर एकाच जागी ठेवावेत आणि बाहेरच्या दाराकडे हळूहळू सरकवत न्यावेत, असं माझं मत आहे.

दुपारी जेवून झोपून झिपरी उठली. हीच वेळ. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात, आणि खेळता खेळता मध्येच थांबून गोल फिरत हुंगायला लागली की, हे तीन क्षण ज्याने पकडले त्याचं बरंचसं काम झालं. मी लांब दोरीचा पट्टा लावला, ताईंना म्हटलं तुम्हीच धरा, पण तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका जागी उभं राहायचं, पाठ फिरवून. घरातला शू पुसलेला एक पेपर मी बरोबर घेतला होता, तो गवताच्या कडेला ठेवला म्हणजे वास ओळखीचा. आणि उभे राहिलो. ताईंना ते फार अवघड जात होतं, सारख्या मागे वळून बघायच्या, मी हळूच खुणेनं नको म्हणायचे. झिपरी दोरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, ताईंच्या पाठीकडे बघितलं, परत गेली, पेपर हुंगला, झुडपाच्या मागे गेली, बाहेर आली. मला वाटलं आजही धरणार. मग ती झुडपाच्या आड अर्धवट लपून गोल फिरली आणि बसली.

मी ताईंना कुजबुजले, अजून नाही, होऊ द्या पूर्ण. मध्येच "शाब्बास" म्हटलं की पिल्लू अर्धवट थांबवून धावत येतं आणि उरलेली घरात होते. उठली आणि एक पाऊल टाकलं, आता! ताईंनी वळून खाऊ दिला, तिथल्या तिथे, एक दोन सेकंदात, कारण घरी आल्यावर दिला तर ते घरी आल्याचं बक्षीस होतं. आणि मग लगेच परत फिरायचं नाही, तिच्याबरोबर खेळा म्हटलं. मुलगा पळत सुटला, झिपरी त्याच्या मागे, ताई तिथेच डोळे पुसत उभ्या. मिस्टर गॅलरीतून बघत होते. मी हे काम कितीतरी वर्षं करतेय तरी अशा वेळी माझाही गळा दाटून येतोच.

संध्याकाळ मात्र कंटाळवाण्या पण फार गरजेच्या कामात गेली. सफाई. हे घर रोज वासाच्या फिनाईलने पुसलं जात होतं. त्याने आपल्या नाकाला वास दबतो, कुत्र्याच्या नाकाला नाही, आणि अमोनियावालं क्लीनर असेल तर उलटंच, शूमध्ये तसाच वास असतो त्यामुळे जागा अजून पक्की होते. ब्लीच तर ताज्या शूवर अजिबात ओतू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. ताजी असेल तर जाड कापड दाबून धरायचं, घासायचं नाही, घासलं की आत जाते. मग शूमधले वासाचे घटक मोडून टाकणारा एन्झाइम क्लीनर, आणि तो वरवर शिंपडून पुसला तर काही उपयोग नाही, शू जेवढी खोल गेलीय तेवढा खोल जाऊ द्यायचा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओला ठेवायचा आणि मग आपोआप वाळू द्यायचा. गालिच्यावर स्टीम नको, उष्णतेने वास आत बसतो. आम्ही टॉर्च लावून एकेक डागाभोवती खडूने रेघ मारली आणि मुलाने ते सगळे भिजवले. बेडरूमचा गालिचा मी गुंडाळून ठेवायलाच सांगितला.

मग पुढचे दिवस कसे काढायचे ते ठरवलं. पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, दिवसा साधारण तेवढे तास ते जास्तीत जास्त धरू शकतं असा एक ढोबळ हिशोब आहे, पण तो शांत बसलेल्या पिल्लाचा, खेळणाऱ्याचा नाही, म्हणून झिपरीला जागेपणी दर दोन तासांनी बाहेर. घरात असताना नजरेसमोर, नाहीतर ताईंच्या कमरेला पट्टा अडकवून, नाहीतर क्रेटमध्ये, म्हणजे तिच्या पिंजऱ्यात. क्रेट उभं राहून वळता येईल, आडवं होता येईल एवढाच, फार मोठा असला की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू असं होतं, पण तासन्‌तास कोंडायचं नाही. पाणी तोडायचं नाही, त्याने काही शिकत नाहीत. आणि घरात करताना दिसली तर ओरडायचं नाही, शांतपणे "चल बाहेर" म्हणून उचलायचं, उरलेली बाहेर केली तर शाबासकी. नंतर डाग सापडला तर निमूट पुसायचा, पिल्लाला काही म्हणायचं नाही, त्याला त्या डागाशी आपलं रागावणं जोडता येत नाही.

मी निघताना मिस्टर दारापर्यंत आले, झिपरीजवळ वाकले आणि ती थोडीशी शू करून उताणी झाली. ते एकदम मागे सरले. मी सांगितलं ही वेगळी, ही भीतीची, हिला कुठलंच ट्रेनिंग नाही आणि रागवायचं तर बिलकुल नाही. वाकू नका, डोळ्यात बघू नका, बाजूला तोंड करून खाली बसा आणि ती स्वतः येईपर्यंत हात पुढे करू नका. ते तिथेच दारात फरशीवर बसले, ऑफिसच्या कपड्यांत. झिपरीने बराच वेळ घेतला, पण आली, गुडघा हुंगला.

आता ती पट्ट्यावर, माणूस शेजारी उभा असताना बाहेर करते. मध्ये एकदा पाहुणे आले त्या गडबडीत टेबलाखाली केली, ताईंचा घाबरून फोन आला, मी म्हटलं पुसा आणि उद्यापासून परत दोन तासांनी. देऊन टाकायचं बोलणं आता कुणी काढत नाही. हॉल कोरडा आहे, म्हणून तिच्यासाठी बंद ठेवलेल्या खोल्यांपैकी मुलाची खोली गेल्या आठवड्यात उघडली. बेडरूमचं दार अजून बंद आहे, आजी म्हणतात उघडा की आता, पण गालिच्याखालची लाकडी फरशी अजून टॉर्चखाली चमकते, ती दोनदा भिजवून वाळली की मग बघू.