पावसात फिरणाऱ्या रायफलीवर कोणता थर चढवावा

बंदुकीला नवं फिनिश द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो रंगाचा. दुकानात काउंटरवर रंगांच्या पट्ट्या मांडलेल्या असतात, गिऱ्हाईक त्यातली एक निवडतं आणि निघतं. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. आधी दोन स्क्रू सोडवून नळी लाकडी दस्त्यातून बाहेर काढावी आणि तिची खालची बाजू बघावी. वरची, दिसणारी बाजू माणूस येताजाता पुसत असतो. गंज धरतो तो लाकडाला चिकटलेल्या बाजूला, स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) कड्यांखाली आणि पट्ट्याच्या कडीपाशी. थर निवडायचा तो या जागांचा विचार करून.

मी मूळचा भोसरीचा. उमेदीची वर्षं एमआयडीसीत, धातूवर थर चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात गेली. ब्लॅकोडायझिंग, फॉस्फेटिंग, झिंक, निकेल, सगळ्या टाक्यांवर उभा राहून काम केलंय. आता अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहतो, पोर्टलंडच्या पश्चिमेला. ऑक्टोबरात ब्लॅकटेल हरणासाठी आणि नोव्हेंबरात रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणासाठी किनाऱ्यालगतच्या कोस्ट रेंजच्या डोंगरात जातो, राज्याचा परवाना आणि टॅग (त्या जनावरासाठीची वेगळी परवानगी) घेऊन. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे मात्र किती जनावरं मारू द्यायची हे वन्यजीव खातं दर हंगामाला ठरवतं, आणि परवान्याच्या पैशांतून त्याच खात्याचं काम चालतं. मारलेलं जनावर घरी खाल्लं जातं.

या डोंगरातला पाऊस कोकणातल्या पावसासारखा नाही. टिलामूक गावात वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे रत्नागिरीपेक्षा कमीच. पण तो ऑक्टोबरात लागतो तो वसंतापर्यंत रिपरिपत राहतो. शिकारीचा हंगाम नेमका त्यातच. वर समुद्राकडून येणारं धुकं. तंबूत रात्र काढली तर सकाळी रायफल आतून-बाहेरून दमट असते. थंडगार बंदूक शेकोटीच्या उबेत आणली की लोखंडावर पाणी धरतं, काडतूस बसतं त्या चेंबरमध्येसुद्धा. म्हणून मी ती रात्री गाडीतच कुलपात ठेवतो.

माझी रायफल जुनी, हातबदल केलेली, .30-06 मापाच्या काडतुसाची. नळी क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची, वर कारखान्याचं ब्लूइंग, म्हणजे रसायनाने आणलेला काळा थर. नेम इतका पक्का की ही नळी बदलायचा विचारही मनात येत नाही. त्यामुळे ‘स्टेनलेसची नवी घे’ हा सल्ला मी बाजूला ठेवला. स्टेनलेसबद्दल एक गैरसमजही आहे. नळ्यांना वापरतात त्या 416 जातीच्या पोलादात क्रोमियम 12-13 टक्के असतं आणि यंत्रावर नीट कापलं जावं म्हणून गंधक मिसळलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं स्टेनलेस ते नव्हे. खाऱ्या हवेत दुर्लक्ष केलं तर त्यावरही तांबडे ठिपके येतात, फक्त उशिरा.

ब्लूइंग म्हणजे आपलं भोसरीतलं ब्लॅकोडायझिंगच. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचा बाथ, 140 अंशांच्या आसपास उकळता. त्यात जॉब, म्हणजे कामाचा भाग, बुडवला की पृष्ठभागावरच्या लोखंडाचं मॅग्नेटाइट, म्हणजे काळं ऑक्साइड, होतं. काळं, देखणं, आणि जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड. मापात काही फरक पडत नाही, बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा दांडा) पहिल्यासारखाच सरकतो, हा त्याचा मोठा गुण. पण हा थर एकटा गंज थांबवत नाही. सॉल्ट स्प्रेच्या पेटीत, 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या धुक्यात, तेल न लावलेला ब्लॅकोडायझिंगचा जॉब ठेवला तर काही तासांतच तांबूस दिसू लागतो. राखणारं असतं ते तेल. माझा शिकारीतला जोडीदार लाकूडतोडीच्या धंद्यातून निवृत्त झालेला म्हातारा आहे. त्याच्या रायफलीवर तरुणपणापासून तेच ब्लूइंग टिकलंय, कारण रोज संध्याकाळी जेवायच्या आधी तो ती पुसतो, तेल लावतो, मगच ताट घेतो. इतकी शिस्त असेल त्याने एक पैसाही खर्च करू नये, असं मी मनापासून सांगेन.

फॉस्फेटिंगचा मला कारखान्यापासूनच लळा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीने ते गाजवलं, म्हणून इथे त्याला पार्करायझिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या गॅरंड रायफलींवर तेच होतं. मँगनीज फॉस्फेटचा बाथ नव्वदीच्या पुढे तापवायचा, त्यात लोखंडावर बारीक स्फटिकांचा राखाडी थर बसतो. हा थर नव्या मडक्याने पाणी प्यावं तसं तेल पितो आणि धरून ठेवतो. चकाकी अजिबात नाही, म्हणजे उन्हाची तिरीप नळीवर पडून जनावर बिचकत नाही. फक्त दस्त्याच्या आतल्या भागातलं तेल हळूहळू लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. हे मला नको होतं.

सॉल्ट बाथ नायट्रायडिंग, म्हणजे वितळलेल्या क्षारात पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं, झीज आणि गंज दोन्हींना उत्तम, पण 570-580 अंशांचं काम. नव्या नळीला कारखान्यातच करून घ्यावं. जुन्या, जोडकाम असलेल्या बंदुकीला ते करू नये. विजेशिवाय, नुसत्या रसायनाने चढवलेलं इलेक्ट्रोलेस निकेलही चांगलं, कोपऱ्याकोपऱ्यात सारखं बसतं, पण मला चमकणारी रायफल जंगलात न्यायची नाही.

शेवटी सेराकोट घेतलं. ते बनवणारी कंपनी ऑरेगनमधल्याच व्हाइट सिटीची आहे, पण कारण ते नाही. हा पॉलिमर-सिरॅमिकचा फवारून द्यायचा थर आहे, साधारण 25 मायक्रॉनपर्यंत. भट्टीत 121 अंशांवर दोन तास ठेवला की पक्का होतो. इतक्या तापमानाने नळीच्या पोलादाचं टेंपरिंग, म्हणजे तापवून आणलेली मजबुती, बिघडत नाही. आणि नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) सुटे करून फवारत असल्यामुळे दस्त्यात लपणारी बाजूही पूर्ण झाकली जाते. मला हवं होतं ते हेच.

पण याचं सगळं यश आधीच्या तयारीत आहे. कोणत्याही लेपाचं तसंच असतं, भोसरीत आमचे सुपरवायझर डीग्रीझिंगच्या टाकीपाशी जितका वेळ उभे राहत तितका प्लेटिंगच्या टाकीपाशी राहत नसत. जुन्या बंदुकीच्या फटींत वर्षानुवर्षांचं तेल असतं. ते धुऊन, मग भट्टीत तापवून बाहेर काढायचं, पुन्हा धुवायचं, मग अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करायचा, म्हणजे ब्लास्टिंग, आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्शही नाही. काम देण्याआधी दुकानदाराला मी हेच विचारत गेलो: तेल कसं काढता, ब्लास्टिंगला काय वापरता, मास्किंग, म्हणजे लेप जाऊ नये म्हणून झाकणं, कुठे कुठे करता? एकाने थेट रंगांचं पुस्तक पुढे केलं, तिथून मी परत आलो. ज्याने रिसीव्हर उलटा करून बोल्ट सरकतो त्या खाचा बोटाने दाखवल्या आणि ‘इथे थर देणार नाही’ म्हणाला, त्याला काम दिलं. दोन्ही बाजूंना 25-25 मायक्रॉन चढले तर बोल्ट जड चालतो. नळीचं आतलं अंग, चेंबर, आटे आणि चापाची यंत्रणा, इथे लेप जाताच कामा नये. अनुक्रमांकावर ब्लास्टिंगचा मारा बेताने करायचा, तो वाचता आला पाहिजे. इथल्या संघीय कायद्याने नंबर पुसणं गुन्हा आहे. बंदूक रात्रभर दुकानात राहणार म्हणजे दुकानदार परवानाधारक हवा आणि त्याच्या वहीत नोंद हवी, हेही बघून घेतलं.

रंग गडद, मंद हिरवट-राखाडी. बोल्ट मुद्दाम तसाच ठेवला, तो रोज हाताखालून जातो, तेल मिळतं. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू स्टेनलेसचे बदलले. स्प्रिंगांना हात लावू दिला नाही. कडक स्प्रिंग आम्लात घातली की हायड्रोजन आत शिरतो आणि ती एक दिवस न सांगता तुटते. दस्त्याच्या आतलं उघडं लाकूड मात्र मी स्वतः वार्निशने बंद केलं, नाहीतर ओल तिथूनच चढते.

हे सगळं ऐकून लांज्याच्या मामेभावाने फोनवर विचारलं, “दादा, आमच्या डबल बारीला पण हेच करून घेऊ काय?” मामांच्या नावावर शेतसंरक्षणाचा परवाना होता, नंतर तो याच्या नावावर झाला. बारा बोरची जुनी दुनळी आहे. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी शिशा-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. ब्लॅकोडायझिंगचा उकळता कॉस्टिक तो डाक खातो, पट्टीखाली शिरलेला क्षार बाहेर निघत नाही आणि वर्षभराने आतून गंज फुटतो. कोणीतरी स्वस्तात काळी करून देतो म्हणेल, त्याला देऊ नकोस. तिला योग्य ती जुनी सावकाश पद्धत: आम्लाचं पातळ द्रावण लावून मुद्दाम बारीक गंज येऊ द्यायचा, साध्या पाण्यात नळ्या उकळायच्या म्हणजे तांबड्याचं काळं होतं, तारेच्या ब्रशने अलगद झाडायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, मनासारखा काळा रंग येईपर्यंत. परवानाधारक कारागीर हे करणारा मिळाला तर बरं. तोवर पावसाळ्यात बंदूक कातडी म्यानात ठेवू नकोस, कातडं ओल धरतं. भिंतीपासून सुटी, कोरड्या कपाटात, कुलपात ठेव. खोबरेल लावू नकोस, त्याचा चिकट थर बसतो आणि घोडे अडकतात. मशीनचं पातळ तेल आण आणि मधल्या पट्टीच्या दोन्ही कडांना काडीने लाव.