एक्केचाळिसावा दिवस

मी डीआरटीत म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात वकिली करते. त्या दिवशी कोर्टातून ऑफिसला आले तर बाकावर एक ताई बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी, सोबत दीर. आत आल्या आल्या म्हणाल्या, मॅडम, आमचं घर चाललंय हो.

पिशवीतून कागद काढले तर बँकेची दोन पाकिटं फोडलेलीच नव्हती. भीतीनं घड्याळामागे खोचून ठेवली होती म्हणाल्या. हे मी खूपदा बघते आणि दरवेळी जीव तुटतो, कारण सगळी मुदत त्या पाकिटातच असते. सरफेसी कायदा २००२ चा, थकलेल्या कर्जासाठी तारण घर कोर्टात न जाता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा, त्याच्या कलम १३(२) ची नोटीस आली की ६० दिवस मिळतात, तेवढ्यात लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. यांचे ते ६० दिवस घड्याळामागेच संपले. मग दारावर सांकेतिक ताब्याची, म्हणजे घरातून न काढता कागदोपत्री घेतलेल्या ताब्याची, नोटीस चिकटली, दोन पेपरात छापून आली, सगळ्या बिल्डिंगनं वाचली. तिथून कलम १७ खाली डीआरटीत अर्ज करायला ४५ दिवस. मी तारखा मोजल्या, एक्केचाळिसावा दिवस होता.

मधल्या दिवसांत काय केलं विचारलं तर वकील केला होता. ओळखीतला, वाटपाचे दावे चालवणारा, त्यानं दिवाणी कोर्टात मनाईचा दावा टाकला. बँकेच्या वकिलानं कलम ३४ दाखवलं, अशा बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, संपलं. तो वकील वाईट माणूस नसेलही, पण हे काम त्याचं नव्हतं आणि ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याआधी एक एजंट भेटलेला, म्हणे आमचे वकील स्टे हमखास आणतात, अर्धे पैसे निकालानंतर द्या. याचा मला फार राग येतो. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे आणि स्टेची खात्री कुणीच देऊ शकत नाही. डीआरटीत किती केसेस चालवल्यात, तारखेला स्वतः उभे राहणार का, फी कुठपर्यंतच्या कामाची, पावती देणार का, एवढं विचारलं असतं तरी दोघंही तिथेच गळले असते. आणि बाई म्हणून त्यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळाला असता, उत्पन्न कितीही असो, हे त्यांना कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं, पण हातात चारच दिवस होते, तिकडे पाठवायचा धीर होईना. वकालतनाम्यावर सही घेतली, फीचं नंतर बघू म्हटलं.

रात्री कर्जाचा खातेउतारा ओळ न ओळ वाचत होते तर कर्ज दिलं त्याच महिन्यात विम्याच्या हप्त्याची एक रक्कम नावे टाकलेली दिसली. मी दोनदा वाचली. ताईंचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, हप्ते थकले ते त्यानंतरच. साडेदहाला फोन लावला, ताई, साहेबांच्या कर्जाचा विमा काढला होता का? त्या म्हणाल्या, काय माहीत मॅडम, बँकेत सगळं तेच बघायचे. विमा असेल तर कर्ज त्यातून फिटायला हवं होतं, आणि दोन वर्षं कुणी क्लेमचा फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

चव्वेचाळिसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. सुनावणीला न्यायाधिकरणाच्या साहेबांनी बँकेच्या वकिलाला विचारलं, या विम्याचं काय झालं? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ठरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर पुढच्या तारखेपर्यंत प्रत्यक्ष ताब्याला स्थगिती मिळाली. ती रक्कम दिरांनी गाडी विकून भरली, एक शब्द न बोलता.

पॉलिसीची प्रत आता मिळालीय, क्लेम टाकलाय, होईल की नाही आत्ता सांगता येत नाही. काल ताईंचा फोटो आला, विमा कंपनीचं पत्र, पोस्टमनसमोर दारातच फोडलेलं. मृत्यूचा दाखला परत मागितलाय, सात दिवसांत द्यायचाय. आज सकाळी पाठवला.