फुरशाचं स्टेशन

नर्सिंगच्या परीक्षेवरच्या अभ्यासासाठी निधीचा अर्ज पाठवण्याआधी सिंधुदुर्गातल्या एका नर्सिंग कॉलेजात आम्ही ऑस्कीची, म्हणजे ठरावीक वेळेच्या स्टेशनांवर फिरत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, चाचणी फेरी घेतली. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या सत्रातल्या मुलीला मिळालेल्या गुणांत तिचे स्वतःचे किती, परीक्षकाच्या नजरेचे किती आणि रुग्णाचं सोंग घेणाऱ्याचे किती, एवढंच पाहायचं होतं. ऑस्की काही नवी नाही. डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी ती १९७५ साली मांडली. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने तिला आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांत जागा दिली. पण अमुक गुण मिळाले म्हणजे मुलगी वॉर्डात एकटी सोडण्याजोगी झाली, हे तपासायला माणसं आणि पैसा लागतो.

मांडणी अशी: १० स्टेशनं, प्रत्येकाला ७ मिनिटं, जागा बदलायला १. म्हणजे १० जणींची एक तुकडी ८० मिनिटांत संपते आणि ४० जणींना मधल्या सुट्ट्या सोडून ५ तास २० मिनिटं लागतात. दोन स्टेशनं लेखी होती. ५०० मिली सलाईन ८ तासांत, सेट २० थेंबांचा (१ मिलीला २० थेंब), तर मिनिटाला थेंब किती? उत्तर २१. तिथे परीक्षकाच्या मताला वावच नाही. बाकी ८ स्टेशनांवर आम्ही प्रत्येकी दोन परीक्षक बसवले, एकमेकांचा कागद न बघण्याच्या अटीवर.

खरी गंमत फुरशाच्या स्टेशनवर झाली. कलमांच्या बागेत काम करणाऱ्या गड्याला फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलंय, हिरड्यांतून रक्त येतंय. मुलीने २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावायची. शिरेतून काढलेलं २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी २० मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर विषाने रक्त बिघडवलंय, डॉक्टरांना कळवून प्रतिसर्पविषाची तयारी करायची. नळी काचेचीच का, तर काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ती नीट सुरू होत नाही, चांगलं रक्तही पातळ राहतं आणि गरज नसताना प्रतिसर्पविष चढवलं जातं. त्याची रिअॅक्शन आली की अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यायची धावपळ.

ट्रेमध्ये मुद्दाम तीन प्रकारच्या नळ्या ठेवल्या होत्या: कोरी काच, साबणाचा वास येणारी काच आणि प्लास्टिक. रक्ताच्या जागी पाणी घातलेलं कोकमाचं आगळ. ७ मिनिटांत २० मिनिटं मावत नाहीत, म्हणून ‘२० मिनिटं झाली’ असं कार्ड परीक्षक दाखवणार.

एका मुलीने कोरी काच अचूक उचलली, “वीस मिनिटं हलवायची नाही” असं स्पष्ट म्हणाली आणि कार्ड यायच्या आत नळी हातात घेऊन तिरकी केली. एका परीक्षकाने त्या ओळीवर बरोबरची खूण केली, दुसरीने फुली. यादीत फक्त ‘२० मिनिटं थांबते’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे सांगणं धरायचं की करणं, हे प्रत्येकीने आपापल्या परीने ठरवलं. मुलगी एकच, निकाल दोन. माझ्या मते चेकलिस्टचं हेच दुखणं आहे. ती कृती मोजते, धोका मोजत नाही. हातमोजे घातले त्याला एक गुण आणि नळी हलवली त्याचाही एकच गुण जातो. म्हणून धोक्याच्या ओळी वेगळ्या काढून, तिथे चुकलं तर बाकी गुण कितीही असोत, स्टेशन नापास, असा नियम लागतो. तो नियम किती जणींना विनाकारण पाडतो, तेही तपासावं लागतंच.

रुग्ण म्हणून दशावतारी कलाकार घेतले होते. जिवंत सोंग आणि मालवणी बोलणं, दोन्ही फुकटात जमलं. अडचण अशी की दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचतात. पहिल्या तुकडीला गडी “दातांतसून रगात येता” एवढंच बोलला. तिसऱ्या तुकडीपर्यंत त्याने बागेचा मालक, मुंबईचा भाऊ आणि चावा घेणारं फुरसं यांचं आख्यान लावलं. मुलींची दोन मिनिटं त्यातच गेली. (बाळंतिणीच्या स्टेशनसाठी स्त्रीपार्टी करणाऱ्याने हौसेने स्वतःचं नाव दिलं होतं. नम्रपणे नाही म्हटलं.) यावर उपाय म्हणजे विचारल्यावर काय सांगायचं आणि न विचारता काय सांगायचं, अशी दोन रकान्यांची संहिता, दोन दिवसांची तालीम आणि प्रत्येक तुकडीनंतर एक मिनिटाची कानउघाडणी.

त्या संध्याकाळी अंदाजपत्रक उलटंपालटं झालं. आधी सगळ्यात मोठी रक्कम संगणकावर चालणाऱ्या रुग्ण-बाहुलीची होती. तिला यूपीएस हवा, वार्षिक देखभाल करार हवा आणि कोकणातल्या दमट हवेत तिचे सेन्सर सांभाळायला वातानुकूलित खोली हवी. ती काढली. त्याऐवजी १६ परीक्षकांचं मानधन, त्यांच्या वॉर्डातल्या बदली ड्यूट्या, एकच व्हिडिओ सगळ्यांनी तपासून गुणांचा मेळ घालायची कार्यशाळा आणि कोऱ्या काचेच्या नळ्या. नळी काही रुपयांची, पण स्टोअरमधून धुतलेलीच येते, म्हणून तिला स्वतंत्र ओळ.

उत्तीर्णांची रेषाही ५० टक्क्यांवर ठेवली नाही. प्रत्येक परीक्षक यादीशिवाय एक ते पाच असा एकूण अंदाज देतो. यादीचे गुण आणि हा अंदाज आलेखावर मांडले की ‘काठावरची’ या अंदाजापाशी जे गुण पडतात, ती उत्तीर्णांची रेषा. ४० मुलींवर ती डळमळते, म्हणून दोन-तीन कॉलेजं जोडावी लागतात.

मुलींचं संमतीपत्र त्यांना शिकवणाऱ्या मॅडमनी घ्यायचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटात मोडतात. हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे नाहीत, असंही लेखी द्यावं लागतं.

नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांनी त्याच मुलींची पुन्हा परीक्षा. तोवर कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी आखातात. शेवटी ६० जणी हव्या असतील आणि ३० टक्के गळती धरली, तर सुरुवात ८६ जणींनी करावी लागते, शिवाय रेल्वेभाडं आणि बुडालेल्या दिवसाचा पगार. पहिली फेरी जुलैत घेतली तर दुसरी जानेवारीत येते. तेव्हा जत्रा भरात असतात. रात्रभर खेळ करून कलाकार दिवसा झोपलेले. म्हणून आशाताई आणि बचत गटातल्या बायका यांची राखीव फळी पहिल्या तालमीपासूनच बरोबर घ्यायची आणि दोन्ही फळ्यांनी एकदा तरी एकाच मुलीसमोर तेच सोंग करून दाखवायचं. नाहीतर जानेवारीत गुण घसरले तर मुलगी विसरली की रुग्ण बदलला, हे सांगता येणार नाही. अर्जात या तालमीची रक्कम पहिल्याच हप्त्यात मागितली आहे, कारण दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे खर्च झाल्याचा दाखला, गेल्यावर सुटतो.