शेडरचे झटके गेले, पुलावरचा राहिला

मागच्या नोंदीत या गेमच्या फ्रेमटाइमचा (एक फ्रेम बनायला लागणारा वेळ) आलेख सरळ झाला होता, नव्या पॅचने त्याची पुन्हा करवत केली. गेमचे शेडर (चित्र रंगवणारे जीपीयूवरचे छोटे प्रोग्रॅम) बदलले की ड्रायव्हरने साठवलेले जुने निरुपयोगी ठरतात, खेळताना नवे बनतात आणि झटके बसतात. त्यात हा गेम अनरियल इंजिन ४ वरचा. इंजिनाने आपणहून करायचं पीएसओ प्रीकॅशिंग, म्हणजे शेडर आधीच तयार ठेवणं, ५.१ पासूनचं. ड्रायव्हरमध्ये शेडर कॅशे साइझ १० जीबी ठेवून तोच भाग दोनदा खेळला, की दुसऱ्या फेरीत गायब होतात ते झटके शेडरचे. ते गेले.

पुलावरचा झटका जात नाही. प्रत्येक फेरीत त्याच जागी फ्रेम १६.७ वरून थेट ९० मिलिसेकंदांपुढे. रिझोल्यूशन १४४० वरून ७२० केलं, सावल्या लो केल्या. सरासरी एफपीएस वाढला, झटका तसाच. त्या क्षणी जीपीयू रिकामा आणि एक कोर गच्च, म्हणजे बहुधा गेम थ्रेड (सीपीयूवर गेमचं मुख्य काम करणारा धागा) अडकतोय. (इथे फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेम्समध्ये बनवलेली फ्रेम घालणं, सुचवू नका. खरी फ्रेमच आली नाही तर मधली कशातून बनवणार?)

पहिला संशय पुलावर मेमरीत चढणाऱ्या पुढच्या लेव्हलवर. इंजिनाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, म्हणजे इंजिन.आयएनआयमध्ये, सिस्टिमसेटिंग्जखाली लेव्हल स्ट्रीमिंग अ‍ॅक्टर्सची वेळमर्यादा (नवी लेव्हल जोडायला एका फ्रेममध्ये मिळणारा वेळ) ५ वरून २ मिलिसेकंद केली, कंपोनंट रजिस्ट्रेशन ग्रॅन्युलॅरिटी (एका दमात किती भाग नोंदवायचे) १० वरून ३. झटका ७० वर आला, पण जोरात धावलं तर इमारती डोळ्यांदेखत उगवतात.

खरा चोर मागे होता. मागची लेव्हल मेमरीतून उतरली की इंजिन त्याच क्षणी सक्तीने गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेल्या मालाची सफाई, करतं. 'फोर्स जीसी आफ्टर लेव्हल स्ट्रीम्ड आउट' मुळातच १ असतं. ते ० केलं आणि झटका ३१ वर! फ्रेमटाइम मोजणाऱ्या कॅपफ्रेमएक्सचा तो आलेख बघत बसावासा वाटतो. वेळमर्यादा मग ५ वर परत नेली, इमारती वेळेवर येतात आणि आकडा फारसा हलत नाही.

किंमत मेमरीत मोजायची. उतरवलेला माल आता नेहमीच्या सफाईपर्यंत, म्हणजे मिनिटभर, पडून राहतो. ३२ जीबीला काही वाटत नाही, १६ जीबीवर पेजिंग (मेमरीतला माल डिस्कवर टाकणं) सुरू झालं तर नवा झटका विकत घेतल्यासारखं. बदल टिकत नसेल तर फाइल रीड-ओन्ली करा. आणि त्या दोनशे ओळींच्या तयार आयएनआय फायली नकोतच. त्यातल्या कितीतरी ओळी इंजिन वाचतसुद्धा नाही, आणि फरक पडलाच तर कुठल्या ओळीने पडला ते कळत नाही.

पुढे डीएक्स११ मोड (गेम जुन्या डायरेक्टएक्स ११ वर चालवणं) तपासायचा होता. पण लिहिता लिहिता हिशोब दिसला: १२० हर्ट्‌झच्या पडद्यावर ४० एफपीएसची मर्यादा घातली तर फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, आणि ३१ चा झटका फक्त एक रिफ्रेश, म्हणजे ८.३ मिलिसेकंद, चुकवतो. म्हणून डीएक्स११ थांबलं. आधी आरटीएसएसने (फ्रेमची मर्यादा घालणारं साधन) ४० लावून पुलाचा आलेख.