कंसातला आकडा

लहानपणी साताऱ्याला आमच्याकडे दर गुरुवारी वाचनालयाचे काका यायचे. सायकलच्या दोन्ही बाजूंना खाकी पिशव्या, त्यांत मासिकं आणि साप्ताहिकं, प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर आणि कव्हरावर शाईनं घातलेला नंबर. काका पायरीवर बसून पिशवी मोकळी करायचे. आई मागच्या आठवड्याचे दोन अंक परत द्यायची, नवे दोन निवडायची, काका वहीत नोंद करून, तांब्याभर पाणी पिऊन पुढच्या घरी. "वहिनी, हे वाचलंत ना, मग तेही आवडेल बघा," असं ते कधी म्हणाले नाहीत. पिशवीत काय आहे ते दाखवायचं आणि गप्प बसायचं.

फीड रीडर म्हणजे काय हे कुणाला सांगायची वेळ आली की मी या काकांपासून सुरुवात करतो. त्यामागच्या तंत्राच्या आरएसएस या नावापासून केली तर गाडी थेट नागपूरला जाते. सोसायटीतल्या एका आजोबांना मी एकदा सांगून बसलो, की रोज सकाळी अर्धा तास मी आरएसएसला देतो. त्यांना इतका आनंद झाला की खुलासा करायचा मला धीरच झाला नाही. अजूनही ते लांबून दिसले की आधी नमस्कार करतात.

तर फीड म्हणजे एखाद्या संकेतस्थळानं आपल्या नव्या मजकुराची ठेवलेली साधी यादी. शीर्षक, दुवा, तारीख आणि मनात आलं तर पूर्ण मजकूर. रीडर थोड्या थोड्या वेळानं अशा सगळ्या याद्या पाहून येतो आणि नवं असेल ते आणून ठेवतो. कुणाला किती लाइक मिळाले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९९९च्या मार्चमध्ये नेटस्केप कंपनीत आरएसएस हा प्रकार जन्माला आला. तो घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, मद्रास आयआयटीत शिकलेले. त्या तीन अक्षरांची फोड आजवर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी झाली आहे आणि शेवटची 'रिअली सिंपल सिंडिकेशन' ही आहे. नावाबद्दल एकमत नसूनही गोष्ट पंचवीस वर्षं टिकते, हे मला फार आवडतं.

मी यात पडलो ते मराठी ब्लॉगांच्या भरात, गूगल रीडरवर. आणि पहिल्याच महिन्यात गटांगळ्या खाऊ लागलो. कारण साधं होतं. दिसेल त्या वर्तमानपत्राचं फीड घेत सुटलो होतो. प्रत्येक नावापुढे कंसात न वाचलेल्यांचा आकडा यायचा आणि तो हजाराच्या वर गेला की गूगल रीडर मोजायचंच थांबायचा, नुसतं १०००+ लिहायचा. वाण्यानं 'आता किती झाले ते विचारूच नका' म्हणावं तसं. सकाळी उघडलं की आधी तो आकडा दिसायचा आणि आपण कुणाचं तरी देणं लागतो असं वाटायचं.

हे दुखणं आपल्याकडे नवीन नाही. दिवाळीत पाच अंक घ्यायचे, एक पूर्ण वाचायचा, दुसऱ्यातल्या कविता सोडून बाकीचं वाचायचं, आणि उरलेले तीन पुढच्या दिवाळीची साफसफाई येईपर्यंत टीपॉयच्या खालून आपल्याकडे बघत राहतात. पण दिवाळी अंक वर्षातून एकदा येतात. हे दर तासाला येत होतं.

'सगळं वाचलं असं समजा' हे बटण मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा हात थरथरला होता, हे आता सांगायला लाज वाटते. काही झालं नाही. राज्य चाललं, पाऊस पडला, कुणी विचारलं नाही. आता दर रविवारी रात्री वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ते बटण दाबतो आणि झोपतो.

खरी सुधारणा मात्र फोल्डरांनी झाली. बहुतेक जण विषयवार फोल्डर करतात: राजकारण, स्वयंपाक, भटकंती, संगणक. मीही केले होते. त्यात गोची अशी की दिवसाला ऐंशी बातम्या टाकणारं वर्तमानपत्र आणि वर्षातून दोनदा लिहिणारा माणूस एकाच खोलीत येतात, आणि त्या माणसाचा आवाज जत्रेत हरवलेल्या पोरासारखा होतो. म्हणून विषय मोडून टाकले. आता तीनच फोल्डर आहेत: 'रतीब', 'अधूनमधून' आणि 'कधीतरी'. रतीबात वर्तमानपत्रं. अधूनमधूनमध्ये आठवड्याला एखादं लिहिणारे. आणि कधीतरी म्हणजे कधीतरी. उघडताना क्रम उलटा: आधी कधीतरी, मग अधूनमधून, आणि चहा उरला असेल तर रतीब. याहून मोठी युक्ती मला गेल्या पंधरा वर्षांत सापडलेली नाही.

चाळणीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे मराठी माणसाची वेगळीच परीक्षा असते. बऱ्याच रीडरांत अमुक शब्द असलेलं वर आणा, तमुक शब्द असलेलं दाखवूच नका, असे नियम घालता येतात. मी म्हटलं, गावाकडच्या बातम्या वर येऊ देत. नियम घातला: सातारा. पंधरा दिवस झाले, बातम्या येईनात. गावात इतकी शांतता मला पटेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मराठीत सातारा 'सातारा' म्हणून राहतोच कुठे? साताऱ्यात अपघात होतो, साताऱ्याला मंत्री येतात, साताऱ्याचे कंदी पेढे असतात. यंत्र अक्षराला अक्षर जुळवून बघतं. सामान्यरूप ही भानगड त्याला कुणी शिकवलेलीच नाही. आम्हाला शाळेत छड्या खाऊन शिकवली होती.

नियम बदलला: साताऱ्या. बातम्या आल्या, पण काही वर्तमानपत्रांच्याच. बाकीच्यांचं काय झालं? तर तो ऱ्या. कुणी तो खालच्या टिंबाचा मानलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडून लिहितं, कुणी साधाच र घेऊन मध्ये एक न दिसणारा जोडअक्षराचा डिंक लावतं. पडद्यावर दोन्हीकडे अगदी एकसारखा 'साताऱ्या'. आपण भिंग लावलं तरी फरक कळणार नाही, आणि यंत्राच्या मते हे दोन वेगळे शब्द. ॲप, ॲसिड यांच्या ॲचंही तेच. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधीपासून लोक अ काढून त्यावर चंद्र बसवत आले, आणि सवय लागलेले अजून बसवतात.

वैतागून शब्द पार मुळाशी कापला: साता. आणि मग सगळं आलं. साताऱ्याचं आलंच, शिवाय सातासमुद्रापार साजऱ्या झालेल्या प्रत्येक गणेशोत्सवाचं आलं, आणि नटनट्यांच्या लग्नांत बांधल्या गेलेल्या साताजन्माच्या गाठीही आल्या. शेवटी 'समुद्रा' आणि 'जन्मा' वगळा असा पोटनियम केला. साताऱ्याला समुद्र नाही, त्यामुळे पहिल्यानं तरी काही नुकसान नाही. माझ्या एका मित्रानं याच धर्तीवर पुण्यासाठी 'पुण' लावलंय. त्याच्याकडे गावोगावचे निपुण विद्यार्थी आणि समस्त पुण्यतिथ्या जमा होतात. तो म्हणतो, असू दे, कुणाला हार घालायचा ते सकाळीच कळतं.

वगळण्यातही फजिती व्हायची ती झालीच. राशिभविष्य नको होतं. पण ते कुणी ऱ्हस्व शि काढून लिहितं, कुणी दीर्घ. मी हुशारीनं नुसतं 'राश' वगळलं. भविष्य गेलं. पण 'निराश'मध्येही 'राश' आहे हे लक्षात यायला सहा महिने लागले. तेवढे सहा महिने माझ्या रीडरमध्ये महाराष्ट्रात कुणीही निराश झालं नाही. शेतकरी नाही, प्रवासी नाही, तिकीट न मिळालेले इच्छुक उमेदवारसुद्धा नाहीत.

फीडचा पत्ता शोधणं हे आता जरा चोरवाटेचं काम झालंय. पूर्वी प्रत्येक पानावर तो केशरी चौकोन असायचा, आता नसतो. पण चौकोन गेला म्हणून फीड गेलं असं नाही. वर्डप्रेसवरच्या स्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत लिहिला तर बहुतेक वेळा दार उघडतं. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं, शेवटच्या पंधरा व्हिडिओंचं. आईच्या आवडीच्या कीर्तनांचं चॅनेल मी तसं घेतलंय, म्हणजे कीर्तन संपल्यावर शेजारून कुणी 'हेही बघा' म्हणून ओरडत नाही. आणि पॉडकास्ट म्हणजे तर पोटात ध्वनिफीत घातलेलं आरएसएसच. आजोबांना हे एकदा सांगायला हवं.

काही स्थळं फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि 'पुढे वाचा' म्हणतात. जेवायला बोलवायचं आणि ताटाभोवतीची रांगोळी दाखवून परत पाठवायचं. त्यांचं पोट जाहिरातींवर आहे हे कळतं. तरी मी त्यांना रतीबातच ठेवतो, वर चढवत नाही.

१ जुलै २०१३ला गूगल रीडर बंद झाला. मार्चमध्येच सांगितलं होतं, त्यामुळे आवराआवरीला वेळ मिळाला. आपण घेतलेल्या सगळ्या फीडांची यादी ओपीएमएल नावाच्या एका फाइलीत उतरवून घेता येते आणि ती दुसऱ्या कुठल्याही रीडरला दिली की बिऱ्हाड जसंच्या तसं उभं राहतं. तेव्हापासून दर दिवाळीला ती फाइल काढून ठेवतो. माळ्यावरचे कंदील काढायचे, ती फाइल काढायची. दोनदा घर बदललं या काळात, म्हणजे रीडरचं.

प्रत्येक बिऱ्हाड हलवताना एकच प्रश्न येतो: हे इतके गप्प झालेले ब्लॉग कशाला न्यायचे? माझ्या 'कधीतरी'तल्या निम्म्या लोकांनी कित्येक वर्षांत ओळ लिहिलेली नाही. कुणी फेसबुकवर गेलं, कुणाला मुलं झाली, कुणाचं काय झालं देव जाणे. पत्ताच मोडला असेल तर मी काढून टाकतो. नुसता गप्प असेल तर राहू देतो. गप्प माणूस जागा किती घेणार? आणि त्याच्या दाराशी रोज डोकावायचं काम मला करायचं नसतं, रीडरला करायचं असतं, आणि त्याला कंटाळा येत नाही.

त्यांतले एक गृहस्थ कोकणातले, निवृत्त शिक्षक असावेत असा माझा अंदाज. परसातल्या विहिरीबद्दल लिहायचे, एवढंच. किती हात पाणी, गाळ काढला का, रहाटाची दोरी बदलली का, बेडूक कधी ओरडले. चार-पाच ओळी, कधी एक अंधूक फोटो. जून २०१९मध्ये लिहिलं, की पाऊस अजून नाही, पाणी तळाला, खालचा कातळ दिसतो. मग काहीच नाही. त्यानंतर आपल्या सगळ्यांवर जे काही येऊन गेलं त्याचा विचार करून मी त्या नावाकडे बघायचं टाळायला लागलो होतो.

परवा सकाळी उघडलं तर ते नाव ठळक अक्षरांत, पुढे कंसात एकचा आकडा. मी चहा ओतून घेतला. रतीब वाचला, जो मी कधी आधी वाचत नाही. जेवणं झाली. दुपारी उघडलं. लिहिलं होतं: विहिरीला साडेअकरा हात पाणी. मधे लिहायचं राहून गेलं. रहाट काढून मोटार बसवली, पण दोरी ठेवली आहे.

वाचून झाल्यावर मी ते परत 'न वाचलेलं' करून ठेवलं.