जुनेराची वाट

आमच्या घरात कोणाचे सुती कापड विरू लागले की मला मनातून आनंद होतो, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. वाळत घालण्याच्या निमित्ताने मी यजमानांच्या सदऱ्याची पाठ उजेडासमोर धरते आणि तिच्यातून अंगणातला पेरू दिसायला लागला असेल, तर तो सदरा आणखी किती दिवस अंगावर टिकेल याचा अंदाज बांधून ठेवते. हे त्यांच्याही लक्षात आले आहे. परवा ते म्हणाले, "थांब जरा, अजून मी आहे त्यात."

वाकळ शिवण्याचा नाद लागलेल्या बाईची नजर अशीच होते. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या सांगली-कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात, आणि माझ्याकडे सध्या तीन वाकळा अर्धवट पडलेल्या आहेत: एक भाचीच्या होणाऱ्या बाळाची, म्हणजे खरे तर दुपटेच, एक बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीची, आणि एक आईसाठी, जिचा अजून एकही टाका पडलेला नाही. येणारा-जाणारा विचारतो, "झाली का?" मी हसून वेळ मारून नेते. आळस हे कारण थोडेफार खरे आहेच. पण वाकळेचे काम शिवणाऱ्या हातापेक्षा जुनेरावर जास्त अडते, हे न शिवणाऱ्याला सांगून पटत नाही. नव्या कापडाला खळ असते, त्याच्या चार पदरांतून सुई काढताना बोटाला भोके पडतात आणि शिवून झाल्यावरही ते पांघरूण पुठ्ठ्यासारखे अंगापासून दूर उभे राहते. वर्षानुवर्षे धुऊन, पिळून, उन्हात वाळवून जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी वापरून तयार करावा लागतो, आणि तोवर आपण फक्त दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहायचे.

सासूबाईंची दोन इरकली लुगडी मला अशी तयार मिळाली. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. त्याच्या चार घड्या केल्या की माणूस पाय पसरून झोपेल एवढी दोन मीटर लांबी आपोआप मिळते, आणि चौपदरी जाडीही. जणू विणणाऱ्याने अंगावरचे नेसणे आणि त्यानंतरचे पांघरणे हे दोन्ही धरूनच माप ठरवले असावे, असे मला दर वेळी वाटते. लुगड्याचे काठ आधी कापून बाजूला ठेवायचे, कारण अंग विरले तरी काठ बहुधा शाबूत असतात आणि ते शेवटी कडेला लावता येतात. मग फरशीवर लुगडे अंथरायचे, हाताने सुरकुत्या सारायच्या आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आमच्याकडे त्या कामाला वरवंटा, खलबत्ता, पितळी तांब्या आणि यजमानांचा एक जाडजूड शब्दकोश लागतो.

त्यानंतर नुसता धावदोरा. मी एकदा हिशेब करून पाहिला, आणि तो केला नसता तर बरे झाले असते. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद अशा वाकळेवर दोन बोटांच्या, म्हणजे तीन सेंटीमीटरच्या अंतराने फेऱ्या घातल्या, तर दोऱ्याची वाट 80 मीटर होते आणि सेंटीमीटरला एक टाका धरला तर सुई 8,000 वेळा खाली-वर जाते. हे कळल्यापासून मी टाके मोजत नाही. या टाक्यांमुळे पदर एकमेकांवरून सरकत नाहीत, त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि तीच हवा ऊब धरते. म्हणून कापसाचा एक पुंजकाही न घालता चौपदरी वाकळ सांगलीच्या थंडीला पुरते.

फेऱ्या कडेकडून मध्याकडे घालायच्या की मध्यापासून कडेकडे, यावर मतभेद आहेत. मी कडेकडून आत जाते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकाही त्यांच्या कवंदी अशाच शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले आणि बोली मात्र कोकणी-मराठीच्या नात्यातली. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चौफेर टाके घालत मध्यापर्यंत पोचतात, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे एकावर एक लावतात. त्या तुकड्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. भाचीच्या दुपट्याला मी ही फुले लावली आहेत. माझी पद्धत त्यांच्यासारखी असली तरी हात त्यांचा नाही, त्यामुळे माझ्या वाकळेच्या मध्यावर शेवटी थोडा झोळ जमतोच. त्या जागी मी एक चौकोनी ठिगळ लावते आणि ते मुद्दाम केलेले नक्षीकाम असल्यासारखी वागते.

दुपटे बाकी सोपे असते. आमच्याकडे नवजात बाळाच्या अंगाला कोरे कापड लावत नाहीत, आजीचे किंवा पणजीचे मऊ जुनेरच लागते, आणि दुपट्याला लागून लागून लागते किती! एकच काळजी घ्यायची, ती मी पहिल्या वेळी घेतली नव्हती: वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर हौसेने तांबड्या खणाचे तुकडे लावले आणि पहिल्याच धुण्यात सगळे धोतर फिकट गुलाबी झाले. तेव्हापासून तांबडा तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवते, पाण्याचा रंग बघते, आणि तरीही बाळाच्या दुपट्याला तांबडे लावत नाही.

अडचण आहे ती लेकीच्या वाकळेची. तिला तिच्या शाळा-कॉलेजच्या कपड्यांची वाकळ हवी आहे. कपडे सगळे आहेत: गणवेशाचा निळा स्कर्ट, खेळाचे टी-शर्ट, गॅदरिंगला घातलेला चमकदार घागरा. त्यातले बहुतेक पॉलिएस्टर. पंधरा वर्षे कपाटात राहूनही त्या स्कर्टची एक चुणी मोडलेली नाही. ते विरत नाही, घाम टिपत नाही, आणि शिवताना पदर हातातून मासोळीसारखा निसटतो. आपल्या घरांतून सुती पातळे गेली आणि न चुरगळणाऱ्या साड्या आल्या, तेव्हा इस्त्रीचा त्रास वाचला म्हणून सगळ्यांना हायसे वाटले होते, मलाही वाटले होते. पण त्यांतून पुढे वाकळ होणार नाही, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. शेवटी मी मधला मार्ग काढला आहे. आत आणि खाली सासूबाईंचे लुगडे, वर स्कर्टचे लहान लहान तुकडे, जेणेकरून अंगाला लागेल ते सूत आणि डोळ्यांना दिसेल ती शाळा. लेक फोनवर म्हणाली, "आई, शाळेचा बॅज पण लाव." बॅजला पिन आहे. पांघरुणात पिन!

तिसऱ्या वाकळेविषयी मी घरात फारसे बोलत नाही. वडील जाऊन दोन वर्षे झाली. मिरजेला आईच्या कपाटात त्यांचे सात सुती सदरे घडी करून ठेवलेले आहेत, आणि आई ते वर्षातून दोनदा धुऊन, इस्त्री करून परत तिथेच ठेवते. एवढे मऊ कापड मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. त्यांची वाकळ आईच्याच अंगावर यावी असे मनात होते. पण तिला विचारायचे कसे, याची मी वर्षभर जुळवाजुळव करत होते. सणावारी विचारू नये असे वाटे, आणि एरवी विषय निघत नसे.

गेल्या रविवारी मिरजेला गेले तेव्हा आई ओटा पुसत होती. हातातले फडके फिकट निळ्या रेघांचे होते. मी ते ओळखले, आणि काही न बोलता तिच्याकडे बघत राहिले.

"एक काढला," आई म्हणाली. "ओट्याला याच्यासारखं फडकं नाही बघ, पाणी कसं ओढून घेतं." फडके पिळून तिने नळावर टाकले. "बाकीचे सहा तुला पाहिजेत ना? मग विचारायला एवढं काय झालं होतं? ने. फक्त बटणं काढून ठेव, ती लागतात."

मी तिथेच पाटावर बसून बटणे काढली. एका सदऱ्याचे तिसरे बटण काळ्या दोऱ्याने लावलेले होते, वडिलांनी स्वतःच्या हाताने, आणि इतके आवळून की ब्लेड घ्यावे लागले.