माझी गोष्ट बाजूला ठेवताना : व्यसनमुक्तीतील सोबतीचा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी २०१७ पासून पिअर कौन्सिलर म्हणून काम करतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडायचे आणि त्याच वाटेवर असलेल्या दुसऱ्यांना सोबत करायची, असे हे काम आहे. २०१४ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटची दारू प्यायलो. त्याआधीची अकरा वर्षे केज तालुक्यातल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात मी कामाला होतो. त्या अकरा वर्षांत मी दोन एकर जमीन, बायकोचे डोरले आणि गावातली पत घालवली. हे मी येथे एवढ्यासाठीच सांगतो की, या कामाला लागताना माझ्याकडे पात्रता म्हणून एवढेच होते आणि तेवढे पुरेसे आहे, अशी माझी समजूत होती.

केंद्राची अट अशी होती की, सलग दोन वर्षे व्यसनापासून दूर राहिल्याशिवाय कोणालाही प्रशिक्षणात घ्यायचे नाही. मला ती तेव्हा जाचक वाटली. पुढे माझ्याबरोबर उपचार घेतलेला एक जण, बरा होऊन जेमतेम पाच महिने झालेले असताना दुसऱ्या ठिकाणी कार्यकर्ता म्हणून लागला आणि दिवसभर इतरांच्या तलफेच्या गोष्टी ऐकून संध्याकाळी पुन्हा प्यायला लागला, तेव्हा त्या अटीचा अर्थ मला कळला.

प्रशिक्षणात आम्हाला सर्वांत आधी शरीराविषयी शिकवले गेले आणि ते योग्यच होते. आमच्या भागात पोराला तीन दिवस खोलीत कोंडून ठेवले की सगळे उतरते, असे अजूनही सांगितले जाते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास, भ्रम आणि जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या आजारावरच्या ज्या गोळ्यांना आमच्याकडची पोरे ‘बटन’ म्हणतात, त्यांची सवय लागल्यावर त्याही अचानक थांबवता येत नाहीत. डॉक्टर त्यांचे प्रमाण हळूहळू उतरवत नेतात. मी कोणाला गोळी देत नाही, कोणाची गोळी बंदही करीत नाही, परंतु कोणाला आज रात्रीच दवाखान्यात नेले पाहिजे हे मला ओळखता आले पाहिजे. माझ्या कामाचा हा भाग मी सर्वांत गंभीरपणे घेतो.

मला चुकायचे होते ते पुढच्या भागात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सोबत करण्याच्या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. दारूने पोळलेला एक शेअर बाजारातला माणूस आणि तसाच पोळलेला एक शल्यविशारद, असे दोघे एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यातून पुढचे सगळे उभे राहिले. प्यायलेल्याचे दुःख प्यायलेल्यालाच कळते, हे वाक्य आमच्या प्रत्येक मिटिंगमध्ये निघते. मी त्याचा अर्थ असा घेतला की, आपली गोष्ट मनापासून सांगितली की समोरचा आपोआप मोकळा होईल.

माझ्याकडे सोपवलेला पहिला तरुण एकोणीस वर्षांचा होता आणि धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड कामगारांच्या घरातला होता. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) आई-वडील दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जात आणि ऊस संपल्यावर परतत. मधले पाच-सहा महिने तो आजीजवळ असे. कॉलेजच्या पहिल्या वर्षात खोकल्याच्या औषधापासून सुरुवात झाली आणि वर्षभरात तो गोळ्यांवर गेला. पहिल्या भेटीत मी त्याला माझी सगळी कथा सांगितली. जमीन कशी गेली, दुकानातून कसे काढले, बायको माहेरी कशी निघून गेली, असे पाऊण तास मीच बोलत होतो. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “काका, तुमचं दारूचं होतं. मी तर दारूला हातबी लावत नाही. बापाचं बघून मला तिची किळस येती.”

त्याला जे सांगायचे होते ते त्याने शेवटच्या वाक्यात सांगितले होते आणि मी त्यापूर्वी पाऊण तास त्याच्या आड उभा होतो. आमचे काम पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी माझी नोंदवही वाचून एवढेच विचारले की, या भेटीत त्या मुलाची किती वाक्ये आहेत. मी मोजली. चार होती. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला, तो आजही पाळतो. समोरच्याने विचारल्याशिवाय स्वतःविषयी बोलायचे नाही, आणि विचारले तर जेवढे विचारले तेवढेच सांगायचे. तरुण मुलांच्या बाबतीत हा नियम अधिकच लागू पडतो, कारण आमच्या वयाच्या माणसाने सर्वस्व गमावल्याची गोष्ट त्यांना भविष्य वाटत नाही, कोणा दुसऱ्याची वाटते. त्यांचे अजून काही गेलेले नसते. आणि बहुतेक वेळा ते स्वतःहून आलेले नसतात, कोणीतरी त्यांना आणलेले असते.

त्याच्या आईला बोलते करणे याहून अवघड होते. आमच्याकडे गुरुवारी कुटुंबीयांची बैठक असते. येणाऱ्या बहुतेक बाया असतात आणि त्या फक्त पेशंटविषयी बोलतात. तो जेवला का, झोपला का, घरी कधी सोडणार. तुम्ही कशा आहात असे विचारले की त्या गोंधळून एकमेकींकडे पाहतात. ही माउलीसुद्धा तीन बैठका पदर तोंडाशी धरून बसली. त्या दिवसांत मी गप्प राहायला शिकत होतो आणि ते फारसे जमत नव्हते. चौथ्या बैठकीनंतर सगळ्या बाया निघून गेल्यावर ती दाराशी थांबली. मी खुर्ची पुढे केली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि काही बोललो नाही. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “सर, मी त्यांला माझ्याच हातानं मारलं असतं वो.”

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिने एका जाहिरातीवरून ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पुडी मागवली होती आणि ती भाजीत कालवून त्याला खायला घातली होती. त्या संध्याकाळी तो प्यायला, तोंड लालभडक झाले, छाती धडधडू लागली, उलट्या झाल्या आणि तो अंगणात कोसळला. त्याला रातोरात अंबाजोगाईला नेले म्हणून वाचला. पुडीत काय होते हे कोणी तपासले नाही. डॉक्टरांनी लक्षणे ऐकून डायसल्फिराम असावे असा अंदाज केला. हे औषध खरे आहे आणि उपयोगीही आहे, परंतु ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, कारण त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम उतरून माणूस दगावूही शकतो. तिने हे दोन वर्षे कोणालाही सांगितले नव्हते. नवऱ्याला जपायच्या नादात आणि त्या भयात पोराकडे पाहायचे राहून गेले, असे ती पुनःपुन्हा म्हणत होती. तिला दोष द्यावा असे मला एक क्षणही वाटले नाही. ज्यांनी ती पुडी विकली त्यांचा मात्र मला आजही मनस्वी राग येतो.

तिची दुसरी भीती पोलिसांची होती. पोराच्या दप्तरात गोळ्या सापडल्या होत्या, म्हणून दवाखान्यात नाव नोंदवले की त्याला धरून नेतील, असे तिला गावातल्या एकाने सांगितले होते आणि त्यामुळे आठ महिने वाया गेले होते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर या कलमाने त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. आता पहिल्याच भेटीत हे मी प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगतो. केंद्र सरकारने करवलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचे आढळले होते. उरलेले सदतीस जण कोणत्या भीतीने घरात बसलेले असतात, याचा अंदाज मला त्या बाईमुळे आला.

मुलाची सुट्टी झाली ती कार्तिकात, म्हणजे टोळ्या निघून गेल्यावर. उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली असल्यामुळे त्याच्या आई-वडिलांना थांबता येणे शक्य नव्हते. नवरा-बायकोची जोडी, जिला आमच्याकडे कोयता म्हणतात, टोळीच्या मुकादमाच्या वहीत लागलेली असते आणि आजारपणाने ती सुटत नाही. आजीजवळ राहिला तर जुने मित्र दारात उभे, फडावर गेला तर बापाची दारू शेजारी. शेवटी तो मामाकडे राहिला. मामा माळकरी होता, संध्याकाळी हरिपाठाला बसायचा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा डबा त्याने स्वतःच्या कपाटात ठेवला. आमच्या भागात माळेचा फार मोठा आधार आहे, हे मी मनापासून मानतो. माळ घातलेल्याला गाव आग्रह करीत नाही, उलट जपते. मात्र एखाद्याचा पाय घसरला की तो लाजेने माळ उतरवतो आणि मग पूर्णच वाहत जातो, हेही मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून त्या मामाला मी आधीच सांगून ठेवले की, घसरण झाली तर ती आजाराचा भाग समजावी आणि त्याच दिवशी आम्हाला कळवावे.

सत्तराव्या दिवशी रात्री त्या मुलाचाच फोन आला. बसस्थानकावर त्याला जुना मित्र भेटला होता आणि मुलाने दोन गोळ्या घेतल्या होत्या. मी त्याच्यावर रागावलो. एवढे सगळे करून शेवटी हेच का, असे काहीसे बोललो. सकाळी डॉक्टरांनी राग कशाचा आला असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी माझ्या स्वतःच्या मिटिंगमध्ये, जेथे मी कौन्सिलर नसतो, फक्त एक दारुडा असतो, बोलता बोलता मला उमगले की तो मुलगा बरा होणे हे मी माझ्या जमिनीची भरपाई समजून बसलो होतो. मी एसटीने मामाच्या गावी गेलो आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “काका, तुमीच उचलताल म्हणून तुमालाच लावला.” पुढे आम्ही गोळ्यांविषयी न बोलता तासभर त्याच्या बापाविषयी बोललो.

तो मुलगा आता अंबाजोगाईत मोटार रिवाइंडिंगचे काम शिकतो. मधल्या काळात त्याची आणखी एक घसरण झाली, तीही त्याने स्वतःच कळवली. वडिलांची दारू सुटलेली नाही.

त्या वर्षापासून आम्ही गुरुवारच्या बैठकीव्यतिरिक्त घटस्थापनेच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, फडावर जाणाऱ्या घरांची वेगळी बैठक घेतो. मागे राहणारा मुलगा कोणाकडे राहणार, औषध कोणाच्या हातात असणार, हे तेथे नावानिशी ठरते. बाया चारचौघींत बोलायला तयार नसतात, म्हणून अर्धा तास प्रत्येकीला एकटीने बसवतो. जाताना प्रत्येकीजवळ एक कागद देतो. त्यावर औषधांची नावे, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता, व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे दोन मोफत क्रमांक आणि आमचा क्रमांक मोठ्या अक्षरात असतो. मागच्या वर्षी त्या माउलीने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फडावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, मेढीला बांधून ठेवला होता आणि माघ महिन्यात शेजारच्या कोपीतल्या एका बाईला त्यावरून आम्हाला फोन लावून दिला.